रजेचा हक्क आणि पूर्वसूचना

वर्षभर राबणारा माणूस आपल्या भरपगारी रजेचे दिवस मनात मोजून ठेवीत असतो. शिमग्याला गावी जाणे, घरातले लग्नकार्य, वृद्ध आईचे औषधपाणी या साऱ्यांची आखणी तो त्या दिवसांच्या भरवशावर करतो. अशा वेळी एके सकाळी सूचनाफलकावर चार ओळी झळकतात : पुढील महिन्यापासून रजेचा नियम बदलला आहे. किती दिवस कमी झाले हा प्रश्न मागाहून येतो. आपल्याला कोणी विचारलेही नाही, हा सल आधी बोचतो. हा सल म्हणजे नुसता हळवेपणा, की त्यामागे काही न्याय आहे? याचे उत्तर कामगारांच्या इतिहासात सापडते.

मुंबईच्या गिरण्यांत प्रारंभी ठरलेली साप्ताहिक सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. त्यात रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विसावा या मागण्या होत्या. गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली ती १८९० च्या जूनमध्ये. सुट्टी मिळाली खरी. परंतु वर्षातून काही दिवस पगारासह विश्रांती मिळावी, हा विचार कायद्यात उतरायला आणखी अर्धे शतक लोटले. १९३६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने वर्षाला निदान सहा दिवसांच्या भरपगारी रजेचा करार संमत केला. आपल्याकडे १९४५ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील प्रौढ कामगारांना दहा दिवस मिळाले, आणि १९४८ च्या कारखाना अधिनियमाने वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस असा हिशेब घालून दिला.

मग काही मालक म्हणू लागले, कायद्याने आकडा ठरविला, त्याहून अधिक का द्यावे? वडोदऱ्याच्या अलेंबिक केमिकल वर्क्सचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६० च्या अखेरीस न्यायालयाने निर्णय दिला, की कायद्यातील आकडा हा किमान होय; न्यायाधिकरण त्याहून अधिक रजा देऊ शकते. कराराने वा निवाड्याने मिळालेली अधिक रजा त्या कायद्याच्या नावाखाली हिरावता येत नाही.

परंतु आपल्या विषयाच्या गाभ्याला हात घातला तो १९५६ च्या दुरुस्तीने. औद्योगिक विवाद अधिनियमात कलम ९-अ आले. वेतन, कामाचे तास, भरपगारी रजा व सुट्ट्या अशा बाबींत बदल करावयाचा असल्यास मालकाने कामगारांना तशी सूचना द्यावी आणि ती दिल्यापासून २१ दिवसांच्या आत बदल अमलात आणू नये, असे त्यात सांगितले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही हीच मुदत ठेवली. एकवीस दिवसांत मालकाचे मन पालटेलच असे नव्हे. पण तेवढ्या अवधीत कामगाराला हरकत घेता येते, संघटनेला बोलणी करता येतात, समेटाचा मार्ग खुला राहतो. सूचनाफलकासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाचा सल कायद्याने रास्त मानला, असाच याचा अर्थ.

हे संरक्षण मात्र सर्वांना लाभलेले नाही. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली ठरविले, की शाळा हा उद्योग असला तरी शिक्षक त्या अधिनियमाच्या अर्थाने कामगार नव्हे. त्याचे कार्य हे उदात्त व्रत आहे. आम्हा शिक्षकांचा हा गौरवच. पण गौरवाने रजेचे दिवस भरून निघत नाहीत. आमच्या रजेचे नियम निरनिराळ्या राज्यांच्या शालेय कायद्यांत शोधावे लागतात, आणि ज्यांना असा कोणताच कायदा नाही त्यांना मालकाच्या सौजन्यावरच विसंबावे लागते.

नियम बदलण्याची वेळ कोणत्याही संस्थेवर येऊ शकते. खर्च वाढतात, माणसे कमी पडतात. तसे असेल तर कारण सांगावे, अवधी द्यावा, आणि ज्यांनी आधीच रजा ठरविली आहे त्यांची ती मोडू नये. याला पैसा फारसा लागत नाही. आणि कायद्याने भाग पाडले नाही तरी हे करण्यास कोणाची मनाई नाही.