गिअर एकच, मग भानगडी इतक्या का? डर्ट जंप सायकल जोडण्याआधी ही मापं बघा

मातीचा उंचवटा, हवेत सायकल, हँडल एक पूर्ण गिरकी घेऊन परत हातात. असं रील दिसलं की खाली कमेंट ठरलेली असते : "भावा, ही सायकल मिळते कुठे?" आपल्या नेहमीच्या दुकानात ती सहसा दिसत नाही. मग फ्रेम कुणाकडून तरी सेकंडहँड, फोर्क ऑनलाइन, चाकं तिसरीकडून, असा जुगाड सुरू होतो. खोकी घरी येतात, मित्र जमतात आणि कळतं की मागचं चाक फ्रेममध्ये बसतच नाही.

तर डर्ट जंप सायकल म्हणजे नेमकं काय? २६ इंची चाकं, छोटी पण दणकट फ्रेम, एकदम खाली बसवलेली सीट, पुढे साधारण १०० मिमी दबणारा फोर्क आणि एकच गिअर. बऱ्याच जणांकडे ब्रेकही एकच, मागचा. गिअर बदलणारा डिरेलर काढून टाकण्याचं कारण सरळ आहे : तो चाकाशेजारी लोंबकळत असतो, पडलात की आधी तोच वाकतो.

पण हा डिरेलर गुपचूप आणखी दोन कामं करत असतो. चेन थोडी लांब झाली तर तो ती ताणून धरतो आणि पुढचं-मागचं चक्र एका रेषेत नसलं तरी सांभाळून घेतो. तो गेला की ही दोन्ही कामं तुमच्या मोजमापावर येतात. सिंगल-स्पीडला पार्ट कमी असतात, पण त्यातला प्रत्येक पार्ट बरोबरच लागतो. उडी मारताना चेन उतरली तर पाय हवेत फिरतो आणि तोंड हँडलवर आपटतं. म्हणून हा फक्त पैसे वाचवण्याचा मुद्दा नाही.

आधी फ्रेम, बाकी सगळं नंतर

सेलमध्ये फोर्क स्वस्त दिसला म्हणून आधी तो घेऊन ठेवला, असं करू नका. फ्रेम हातात आली की व्हर्नियर घ्या आणि मोजा. मागच्या दोन टोकांमधलं अंतर, हेडट्यूबचा वरचा आणि खालचा आतला व्यास, पेडलच्या बुडख्याची म्हणजे बॉटम ब्रॅकेटची रुंदी आणि आतला प्रकार, सीटट्यूबचा आतला व्यास. एवढं वहीत लिहिलं की निम्मं काम झालं.

सगळ्यात आधी मागचं चाक जिथे अडकतं ती खाच बघा. सिंगल-स्पीडला आडवी खाच हवी, म्हणजे चाक मागे सरकवून चेन ताणता येते. काही फ्रेममध्ये खाचेऐवजी अख्खा तुकडाच मागेपुढे सरकतो, तेही उत्तम. खाच उभी असेल, जशी गिअरच्या सायकलींना असते, तर चेन ताणायला वेगळा टेन्शनर लावावा लागेल. रस्त्यावर तो चालून जातो. पण जो लोंबकळणारा भाग नको म्हणून डिरेलर काढला, तोच दुसऱ्या नावाने परत लावायचा?

१३५, १४२, १४८ : हे आकडे फसवतात

मागच्या हबची रुंदी हा पहिला मोठा घोळ. जुन्या धाटणीच्या डर्ट जंप फ्रेमला १३५ मिमी रुंदीचा, १० मिमी जाड एक्सलचा, नटबोल्टने आवळायचा हब लागतो. बीएमएक्सच्या वळणावर गेलेल्या काही फ्रेमना ११० मिमी रुंदी आणि १४ मिमी एक्सल असतो. नव्या फ्रेमना आरपार जाणारा १२ मिमीचा एक्सल आणि १४२ रुंदी.

आता गंमत बघा. १३५ आणि १४२ हे प्रत्यक्षात भाऊभाऊच आहेत. १४२च्या फ्रेममध्ये हबची टोकं बसायला दोन्ही बाजूंना साडेतीन-साडेतीन मिमीचे खळगे असतात, वाढलेले ७ मिमी तेच. म्हणून अनेक हब फक्त टोकाच्या टोप्या बदलून एकातून दुसऱ्यात जातात. १४८ म्हणजे बूस्ट, तो मात्र खरोखर रुंद हब आहे. "थोडा ताणून बसेल" असं कुणी म्हणालं तर हात जोडा आणि निघा. ॲल्युमिनियमची फ्रेम ताणायची नसते.

पुढच्या चाकात तर आकडा तोच आणि वस्तू वेगळी, असा प्रकार आहे. रॉकशॉक्सच्या पाइक डीजे फोर्कला १५ बाय १०० एक्सल लागतो. मार्झोकीच्या बॉम्बर डीजेला २० बाय ११०. आणि बाजारात १५ बाय ११० बूस्ट हबांचा सुकाळ आहे, कारण नव्या माउंटन बाइकना तेच लागतात. ११० वाचून लोक ते मागवतात. २० मिमीच्या फोर्कमध्ये १५ मिमीचा एक्सल खुळखुळणारच. जोडणी टोपी शोधून एक्सलची जाडी जमवली, तरी बूस्टमध्ये डिस्कची जागा वेगळी असते. म्हणून फोर्क आणि पुढचा हब एकाच वेळी ठरवा, जाडी आणि रुंदी दोन्ही आकडे लिहून.

फोर्कची मान आणि उंची

फोर्कच्या मानेचे दोन मुख्य प्रकार. सरळ, म्हणजे वरपासून खालपर्यंत १ इंच १ सूत. आणि टॅपर्ड, वर १ इंच १ सूत, खाली दीड इंच. सरळ मान टॅपर्ड फ्रेममध्ये योग्य रिंग लावून बसते. टॅपर्ड मान बारीक हेडट्यूबमध्ये जात नाही. फक्त हेडट्यूबचा आतला व्यास ४४ मिमी असेल तर खाली बाहेरून कप लावून काम होतं. सेकंडहँड फोर्क घेताना मान किती कापलेली आहे ते विचाराच. तुमची हेडट्यूब, हेडसेट आणि स्टेम यांच्या बेरजेपेक्षा ती फार आखूड निघाली तर तो फोर्क तुमच्यासाठी शोभेचा.

जुन्या माउंटन बाइकचा १४० मिमीचा फोर्क घरात पडून आहे, तो लावू का? बसेल कदाचित, पण लावू नका. फ्रेम १०० मिमीसाठी आखलेली असते. ढोबळमानाने दर २० मिमी जास्त उंचीला हेडट्यूबचा कोन १ अंशाने ढळतो आणि पुढचा भाग उचलला जातो. सायकल आळशी वळते. शिवाय फ्रेमवर जोर वेगळ्या जागी येतो.

बॉटम ब्रॅकेट : उलट्या आट्यांपासून सावध

इथे प्रामुख्याने तीन कुळं भेटतील. बीएसए, म्हणजे आटे असलेलं, ६८ किंवा ७३ मिमी रुंद. बीएमएक्सचं मिड, ज्यात आटे नसतात आणि बेअरिंग थेट दाबून बसवतात, आतला व्यास ४१.२ मिमी. आणि स्पॅनिश, तोच प्रकार पण व्यास ३७ मिमी. क्रँक कुठला घ्यायचा हे यावरून ठरतं, आवडीवरून नाही.

बीएसएमध्ये उजव्या बाजूचे, म्हणजे चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात. नेहमीच्या सवयीने पाना फिरवला आणि जोर लावला की आटे गेले, आणि फ्रेमचे आटे गेले म्हणजे फ्रेमच गेली असं समजा. ६८ मिमीच्या शेलला २४ मिमी स्पिंडलचा माउंटन क्रँक लावताना अडीच मिमीच्या वायसर मिळतात त्या फेकू नका. पुढचं चक्र किती आत किंवा बाहेर येणार हे त्याच ठरवतात.

पाऊण सुताचा फरक

आता खरा खेळ. चेन, पुढचं चेनव्हील आणि मागचं कॉग.

सायकलची जुनी दुकानं सुताची भाषा बोलतात, आणि इथे ती चपखल बसते. १ सूत म्हणजे १/८ इंच. सिंगल-स्पीडच्या चेन दोन रुंदीच्या : १/८ इंच, म्हणजे १ सूत, आणि ३/३२ इंच, म्हणजे पाऊण सूत. १ सुताची चेन पाऊण सुताच्या दात्यांवर चालते, थोडी ढिली वाजते इतकंच. उलट मात्र नाही : पाऊण सुताची चेन १ सुताच्या जाड दात्यांवर बसतच नाही. चेन, चेनव्हील आणि कॉग तिन्ही एकाच मापाचे घेतलेत तर हा विषयच संपतो.

किती दाते? २६ इंची चाकाला पुढचे दाते मागच्याच्या दुप्पट किंवा थोडे जास्त, असा हिशेब सर्रास चालतो. २५-१२, २८-१३, ३०-१४, ३२-१५ या सगळ्या जोड्या जवळपास सारख्याच जड लागतात. बीएमएक्सवाले २५-९ लावतात म्हणून तुम्ही लावू नका, त्यांचं चाक २० इंची असतं. गणित करून बघा : २५ भागिले ९ गुणिले २० म्हणजे ५५.६, आणि ३२ भागिले १५ गुणिले २६ म्हणजे ५५.५. पायाला लागणारा जोर तोच.

पण कुठली जोडी घ्यायची हे पुन्हा क्रँक आणि हब ठरवतात. १०४ मिमी वर्तुळाच्या ४ बोल्टच्या क्रँकवर ३० दात्यांहून लहान चेनव्हील बसत नाही. मागे आटे असलेलं साधं फ्रीव्हील असेल तर नेहमीच्या आट्यांवर १६ दात्यांच्या खाली जाता येत नाही, त्याहून लहान फ्रीव्हीलला वेगळ्या आट्यांचा हब लागतो. गिअरच्या सायकलचा कॅसेट हब असेल तर त्यावर एक कॉग आणि दोन्ही बाजूंना स्पेसर लावून काम भागतं. मात्र जुन्या कॅसेटमधलं सुटं चक्र त्यात टाकू नका. त्याचे दाते चेन सहज उतरावी म्हणूनच आखूड केलेले असतात! सिंगल-स्पीडचा पूर्ण दात्यांचा, बुडाशी रुंद कॉग घ्या. बारीक पत्र्याचा कॉग हबच्या ॲल्युमिनियममध्ये रुततो.

चेनची रेषा मोजणं सोपं आहे. पुढे सीटट्यूबच्या मध्यापासून चेनव्हीलच्या दात्यापर्यंतचं अंतर घ्या. मागे हबच्या रुंदीचं अर्धं करून त्यातून फ्रेमच्या आतल्या बाजूपासून दात्यापर्यंतचं अंतर वजा करा. १३५चा हब असेल तर अर्धे ६७.५, कॉग १७ मिमी आत असेल तर ५०.५. पुढचा आकडाही तेवढाच यायला हवा. १-२ मिमीचा फरक स्पेसर इकडचा तिकडे करून जातो.

एक कडी, आणि ब्रेकची पंचाईत

चेनची लांबी अंदाजाने तोडू नका. समजा फ्रेमची खाच एक्सलला ३८० ते ३९५ मिमीपर्यंत सरकू देते आणि तुम्हाला चाक ३८५वर हवंय, जोडी ३२-१५. अंतराची दुप्पट ७७०, भागिले १२.७ म्हणजे ६०.६. त्यात दात्यांच्या बेरजेचं अर्धं, २३.५. चक्रं लहानमोठी असल्याने आणखी पाव धरा. उत्तर साधारण ८४.४ कड्या.

अडचण अशी की चेनमध्ये एक आतली, एक बाहेरची अशा कड्या येतात, त्यामुळे संख्या सम लागते. ८४ कड्यांना एक्सल ३८३वर येतो, ८६ला थेट ३९५वर, म्हणजे खाचेच्या टोकाला. चेन वापराने लांबते तेव्हा मागे सरकायला जागाच उरणार नाही. म्हणून ८४ बरी. पण टायर जाड असेल आणि ३८३वर फ्रेमला घासत असेल तर हाफ-लिंक नावाची अर्धी कडी टाकून ८५ करता येते, एक्सल ३८९च्या आसपास येतो.

इथेच बरेच जण विसरतात : एक्सल ६ मिमी मागे गेला की डिस्कही ६ मिमी मागे गेली. ब्रेकचा कॅलिपर फ्रेमला पक्का असेल तर तो तिथेच राहतो, आणि ब्रेक पॅड डिस्कच्या कडेवर अर्धवट चावतात. एकच ब्रेक असलेल्या सायकलवर हे चालणार नाही. म्हणून फ्रेम घेताना कॅलिपरच्या बोल्टना लांबट खाच आहे का, किंवा तो चाकाच्या तुकड्याबरोबर सरकतो का, हे फोटोत नीट बघा. दोन्ही नसेल तर आधी चेन आणि दाते पक्के करा, मग ब्रेक, आणि पुढे दाते बदलायच्या भानगडीत पडू नका. डिस्क ६ बोल्टची की सेंटरलॉक, हेही हब बघूनच मागवा.

ताण किती? चेनच्या मध्यावर बोटाने दाबलं की एखादा सेंटीमीटर हलली पाहिजे. क्रँक पूर्ण फिरवत तपासा, कारण चेनव्हील अगदी गोल क्वचितच असतं. जिथे चेन सर्वांत घट्ट होते, तिथला ताण धरा.

उरलेलं पटकन

सीटपोस्ट २७.२, ३०.९, ३१.६ अशा मापांत येतो, बीएमएक्सचा २५.४. दशांशाला गंमत समजू नका. हँडलचा मध्य २२.२, ३१.८ किंवा ३५ मिमी, स्टेम त्याच मापाचा. तीन तुकड्यांच्या क्रँकला पेडल साडेचार सुताचं, एकसंध क्रँकला ४ सुताचं, आणि डाव्या पेडलचे आटे उलटे.

टायर मात्र कोपऱ्यावरच्या दुकानात घेताना जपून. "२६चा द्या" म्हटलं की लेडीज सायकलचा २६ बाय १ ३/८ पुढे येऊ शकतो. त्याचा रिमवर बसणारा व्यास ५९० मिमी, तुमच्या रिमचा ५५९. टायरच्या कडेला बारीक अक्षरात ५७-५५९ सारखा आकडा असतो, शेवटचे तीन अंक ५५९ असले तरच पैसे द्या.

आणि सेकंडहँड फ्रेमवाल्याला "लास्ट प्राइस?" विचारण्याआधी चार फोटो मागा : मागच्या खाचेत व्हर्नियर धरून, हेडट्यूब खालून, बॉटम ब्रॅकेट आतून आणि ब्रेकचे बोल्ट जवळून. हेडट्यूबजवळच्या वेल्डिंगवर केसासारखी रेघ दिसली तर बाकीची मापं घेण्याची गरजच नाही.