माणिकगडच्या डोंगरातील मापे

चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला, तेलंगणाच्या सीमेवर, माणिकगडच्या डोंगररांगेत जिवती तालुका पसरला आहे. येथे धान्य, जमीन, लाकूड आणि पैसा मोजण्याच्या पद्धती गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत अनेकदा बदलल्या. हे बदल येथील गोंड, कोलाम, परधान आणि बंजारा वस्त्यांनी मागितले नव्हते. राज्य बदलले की माप बदलले आणि नव्या मापाचा हिशेब शिकण्याचा भार प्रत्येक वेळी शेतकऱ्यावर पडला.

नागपूरच्या भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले, तेव्हा चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, ब्रिटिशांकडे आले. १८६१ पासून ते मध्य प्रांताचा जिल्हा झाले. वर्धा नदीपलीकडचा राजुरा आणि त्यामागचे डोंगर मात्र निजामाच्या राज्यातच राहिले. आजचा जिवती तालुका याच राजुऱ्यातून पुढे वेगळा झाला. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे वर्धा नदी ही दोन नाण्यांची, दोन पंचांगांची आणि दोन राजभाषांची सीमा होती. उत्तर काठावर इसवी सन आणि इंग्रजी दप्तर. दक्षिण काठावर फसली सन आणि उर्दू दप्तर. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन निघतो. राजुऱ्याकडचे जुने महसुली कागद वाचताना आजही ही बेरीज करावी लागते.

गावात मात्र दोन्ही काठांवर माप एकाच जातीचे होते, भरण्याचे. ज्वारी, तूर, धान तोलण्याऐवजी भरून मोजले जाई. देशावरच्या शाळांतून जे कोष्टक पाठ करून घेत त्यात चार शेरांची पायली, बारा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी असे. वैनगंगेच्या धानपट्ट्यात वीस कुडोंची खंडी चाले. पायलीचा आकार गावागणिक बदले, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे भरण्याची रीत बदले. काठोकाठ सपाट भरलेली पायली आणि शीग चढवलेली पायली यांत बराच फरक पडतो. धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची चाल मराठी खळ्यांवर आहे, तशीच ती तेलुगू खळ्यांवरही आहे. पेरणीच्या वेळी सावकाराकडून बी घ्यायचे आणि सुगीला सवाईने किंवा दिढीने, म्हणजे पाव पट किंवा अर्धा पट वाढवून, परत करायचे, हा या भागातला नेहमीचा व्यवहार होता. देताना सपाट आणि घेताना शिगेचे माप वापरले, तर खरे व्याज कागदावरच्या व्याजाहून किती तरी जास्त होई. भरण्याच्या मापाचा खरा दोष हाच होता; प्रमाणित पायली नव्हती यापेक्षा ती कोणाच्या हातात होती, हे अधिक महत्त्वाचे होते.

ब्रिटिश अधिकाऱ्यांची कुरकुर वेगळ्या कारणाने होती. बंगालचा मण ८२ पौंडांहून थोडा जास्त, मुंबईचा २८ पौंडांचा आणि मद्रासचा २५ पौंडांचा. कापसाच्या व्यापारात मुंबईची खंडी ७८४ पौंडांची, तर धानाच्या खंडीचा तिच्याशी काही संबंध नाही. वऱ्हाड आणि चांद्याचा कापूस मँचेस्टरला पाठवायचा, दुष्काळात कुठे किती धान्य आहे याचा अंदाज घ्यायचा, बाजारभावांची पत्रके छापायची, तर प्रत्येक जिल्ह्याचे माप वेगळे समजून घ्यावे लागे. म्हणूनच मध्य प्रांताच्या जिल्हा गॅझेटियरांत वजन-मापांची नोंद स्वतंत्रपणे करावी लागली. १९०९ चा चांदा जिल्ह्याचा ग्रंथ त्याच मालिकेतला.

सुधारणेचे प्रयत्न आधीच सुरू झाले होते. १८३३ मध्ये कंपनी सरकारने १८० ग्रेनचा तोळा ठरवला आणि रुपयाचे वजनही तेवढेच ठेवले. असे ८० तोळे म्हणजे एक शेर (सुमारे ९३३ ग्रॅम) आणि ४० शेरांचा मण. यात मोठी सोय होती: वजन नसले तरी ८० रुपये तराजूत टाकून शेर तोलता येई. पण वर्धा ओलांडली की ही सोय संपे. निजामाचा हाली सिक्का ब्रिटिश कलदार रुपयाहून हलका होता. विसाव्या शतकातल्या हाली रुपयाचे वजन ११.१८ ग्रॅमच्या आसपास, तर कलदाराचे ११.६६ ग्रॅम. ८० हाली रुपयांनी तोललेला शेर कलदाराच्या शेरापेक्षा सुमारे ३९ ग्रॅमने कमी भरतो. किमतीतही फरक होता. साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार मिळत. चांद्याच्या बाजारात माल विकून राजुऱ्यात सारा भरणाऱ्याला नाणे आणि वजन असे दोन हिशेब एकदम करावे लागत.

१८७० आणि १८७१ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या सरकारने आणखी धाडसी पाऊल उचलले. शेर एका किलोग्रॅमइतका धरण्याचा कायदा केला. मेयोचा १८७२ मध्ये अंदमानात खून झाला आणि तो कायदा कधीच अमलात आला नाही. तो आला असता, तर पुढे १९५८ नंतर जे करावे लागले ते ८०हून अधिक वर्षे आधीच झाले असते. त्यानंतर १९१३-१४ च्या सिल्बराड समितीने पुन्हा ८० तोळ्यांच्या शेराची शिफारस केली, मध्य प्रांताने १९२८ मध्ये स्वतःचा कायदा केला आणि देशपातळीवर १९३९ चा प्रमाणित वजनांचा कायदा झाला. डोंगरातल्या आठवडी बाजारात यांपैकी फारसे काही पोचले नाही.

मोजण्याबरोबरच उच्चारांचाही प्रश्न राज्यकर्त्यांना छळत होता. एकच गाव तीन अधिकाऱ्यांच्या कागदांत तीन रूपांत दिसे. वर्धा नदीचे नाव जुन्या इंग्रजी कागदांत ‘वुर्दा’ या उच्चाराला धरून लिहिलेले सापडते. डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांनी १८७१ मध्ये भारतीय नावांच्या लेखनाची मार्गदर्शिका काढली, त्यानंतर ही नावे हळूहळू स्थिरावली. गोंडी आणि कोलामीची नोंद भारताच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०६ च्या चौथ्या खंडात स्टेन कोनोव यांनी केली. सर्वेक्षण झाले, तरी बाहेरून आलेल्या कारकुनाला गोंडी कानावर पडून कळत नव्हती आणि निजामी हद्दीत दप्तर उर्दू असल्याने अर्जदाराला दुभाषाशिवाय बोलता येत नव्हते.

या भागातली मोजणी भाषांच्या सीमा किती सहज ओलांडते, हे खेळातून दिसते. विटीदांडूत विटी पडते तिथून खळीपर्यंतचे अंतर दांडूने मोजतात आणि महाराष्ट्रभर ती मोजणी ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ अशी सुरू होते. हे आकडे मराठी नाहीत. तेलुगूतले ‘ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु’ आणि गोंडीतले ‘उंदी, रंड, मुंड, नालुंग’ शेजारी ठेवले की नाते स्पष्ट होते. पुण्या-साताऱ्याच्या मुलांना हे शब्द निरर्थक वाटतात. जिवतीच्या गोंड मुलाला त्यांतले निम्मे घरचे वाटतात.

जमिनीच्या मोजणीचा इतिहास इंग्लंडपासून सुरू होतो. एडमंड गुंटर यांनी सतराव्या शतकात ६६ फुटांची मोजणी साखळी रूढ केली. क्रिकेटच्या खेळपट्टीची २२ यार्ड लांबी म्हणजे हीच साखळी. मुंबई इलाख्याच्या सर्व्हेत तिच्या निम्मी, ३३ फुटांची साखळी वापरली गेली. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद चौरस म्हणजे एक गुंठा, असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. मुंबईची ही पद्धत दिवाण सालारजंगांच्या काळात हैदराबाद राज्याने महसुली मोजणीसाठी उचलली. सपाट मराठवाड्यात ती बसली. माणिकगडच्या डोंगरात शेत दर दोन-चार वर्षांनी हलवणाऱ्या कोलामांच्या आणि पट्ट्याशिवाय ‘सिवाय जमाबंदी’वर कसणाऱ्या गोंडांच्या जमिनी मोजणीत आल्याच नाहीत. जे मोजले गेले नाही ते सरकारी किंवा वनखात्याचे ठरले. या डोंगररांगेच्या दक्षिण भागात, जोडेघाट येथे १९४० मध्ये गोंडांच्या उठावाचे नेते कोमरम भीम मारले गेले. त्या उठावामागे जमिनीचाच प्रश्न होता. त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी या भागातल्या राजगोंडांचा अभ्यास केला. गोंडांना पट्टे मिळू लागले आणि १३५६ फसलीत हैदराबाद सरकारने आदिवासी क्षेत्रांसाठी नियमावली केली. गोंडी शिकवण्यासाठी मारलावाई येथे जी पुस्तके तयार झाली ती देवनागरीत होती.

लाकडाचे माप रेल्वेने आणले. काझीपेठ-बल्लारपूर मार्ग १९२९ मध्ये जोडला गेला आणि डोंगरातले सागवान थेट दिल्ली-मद्रास मार्गावर आले. ओंडक्याचा घेर चाराने भागायचा, येणाऱ्या आकड्याचा वर्ग करून लांबीने गुणायचे, हे अठराव्या शतकातल्या एडवर्ड हॉपस यांच्या तक्त्यांचे गणित वनखात्याने वापरले. या गणिताने गोल ओंडक्यातले सुमारे २१ टक्के लाकूड हिशेबातून वगळले जाते. कापणीत जाणारी घट धरूनच ते बेतले होते. खात्याचे हिशेब आता घनमीटरमध्ये होतात, सुतार मात्र घनफुटातच बोलतो.

सर्वांत दाट बदल राजुऱ्याने १९५६ ते १९६२ या सहा वर्षांत पाहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तालुका आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात, नांदेड जिल्ह्याला जोडला गेला. १ एप्रिल १९५७ पासून आणे-पैंऐवजी शंभर नव्या पैशांचा रुपया आला. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशाच्या निवडक भागांत किलोग्रॅम सुरू झाला. १९५९ मध्ये राजुरा चांदा जिल्ह्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आणि १ एप्रिल १९६२ पासून मेट्रिक वजने देशभर सक्तीची झाली. एका शेतकऱ्याच्या हयातीत हाली सिक्का, कलदार, आणा, नवा पैसा, शेर आणि किलो इतके सगळे येऊन गेले. तरीही हा बदल पार पडला आणि टिकला, ही नव्या राज्याची मोठी कामगिरी मानली पाहिजे. ब्रिटनने स्वतःचे चलन दशमान केले ते १५ फेब्रुवारी १९७१ रोजी. तेथील रस्त्यांवर अजून मैल आहेत, आणि पौंडात केळी विकल्याबद्दल सुंदरलँडच्या एका विक्रेत्याला २००१ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवले, तेव्हा देशभर संताप उसळला होता.

किलोने पायली संपवली नाही. मजुरी, देणे-घेणे आणि घरचे बियाणे यांत ती राहिली, बाजार समितीत क्विंटल आला. जंगलात वेगळेच एकक चालते. महाराष्ट्रात तेंदूपत्त्याचा पुडा ७० पानांचा आणि असे हजार पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. तेलंगणात पुडा ५० पानांचा आहे. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर गोणीचा भाव सारखा बोलला गेला, तरी इकडच्या मजुराने २०,००० पाने जास्त तोडलेली असतात. दोन राज्यांचे दर शेजारी ठेवून बोलणाऱ्यांनी हा फरक आधी ध्यानात घ्यायला हवा.

जमिनीचा पेच तर मिटलेलाच नाही. जिवती तालुक्यातल्या मुकदमगुडा, परमडोली, महाराजगुडा, अंतापूर यांसह १४ गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात. तेथे मराठी आणि तेलुगू अशा दोन शाळा आहेत, दोन शिधापत्रिका आणि दोन मतदार याद्या आहेत. महाराष्ट्राचा सातबारा हेक्टर-आरमध्ये लिहिला जातो, तेलंगणाचे पासबुक एकर-गुंठ्यांत. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर, त्यामुळे बोलताना दोन्ही एकच धरले जातात. पण पाच एकर म्हणजे २०० गुंठे, आणि तेच क्षेत्र २ हेक्टर २ आरांहून थोडे जास्त भरते. हिशेबातली ही दोन आरांची तफावत बांधाच्या भांडणाला पुरते. सीमेचा निकाल लागेल तेव्हा लागो. तोवर दोन्ही राज्यांच्या महसूल खात्यांनी या गावांतल्या प्रत्येक जमिनीच्या कागदावर क्षेत्र दोन्ही एककांत आणि दोन्ही भाषांत लिहून द्यावे.