कोटींआधी गुंठे

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या चौकांत एकाच साच्याचे फलक वर्षभर झळकत असतात: अमुक रस्त्यासाठी इतक्या कोटींचा निधी मंजूर. फलक कोणत्याही पक्षाचा असो, त्यामागचा सिद्धान्त एकच, आणि वाचणाऱ्यालाही तो मान्य असतो. रस्ता रखडतो तो पैशाअभावी. निधी आणला की रस्ता होतो.

हा पूर्वपक्ष अगदीच निराधार नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या तिजोरीतून खाडीपूल उभा राहणार नाही, हे उघड आहे. असे पूल बांधणाऱ्या एमएमआरडीएचे, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे, भरवशाचे उत्पन्न म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातले भूखंड. तेवढ्यावर आता भागत नाही, मेट्रोंसाठी मोठी कर्जे काढावी लागतात. तरीही तिचा 2025-26चा अर्थसंकल्प 40 हजार कोटींच्या वर गेला. पैसा महाग झाला आहे, पण मिळतो आहे. तेव्हा अन्वय-व्यतिरेकाची जुनी कसोटी लावून पाहू. निधी होता तिथे रस्ता झाला का? आणि झाला नाही तिथे खरोखर निधीच नव्हता का?

भिवंडी-कल्याण-शीळ हा सुमारे 21 किलोमीटरचा मार्ग. सहापदरीकरण राज्य रस्ते विकास महामंडळाकडे, म्हणजे एमएसआरडीसीकडे. मंजुरी होती, कंत्राटदार होता, काँक्रीटही पडले. पण काही गावांच्या हद्दीत येऊन तिसरी मार्गिका थबकली, कारण तिथली जमीन ताब्यातच नव्हती. बाधित शेतकऱ्यांचे म्हणणे एवढेच होते की आधी मोबदला द्या. याला अडवणूक म्हणणे अन्यायाचे आहे. 2013च्या भूसंपादन कायद्याने दिलेला तो हक्क आहे.

इथे प्रतिपक्षी विचारील, मोबदला म्हणजे तरी पैसाच ना? आक्षेप वजनदार आहे, पण तो उलट माझीच बाजू बळकट करतो. बांधकामाचा पैसा आधी मोजला, आधी जाहीर केला आणि जमिनीचा पैसा काम अडल्यावर शोधला, हीच तर माझी तक्रार आहे. शिवाय संयुक्त मोजणी, सातबाऱ्यावरच्या वारसांच्या नोंदी, हरकतींची सुनावणी यांना धनादेशाने वेग येत नाही. तिथे भूसंपादन अधिकारी आणि भूमापक लागतात, महिने लागतात. दरम्यान सिमेंट-पोलादाचे दर चढतात, अंदाजपत्रक सुधारावे लागते आणि मग 'निधी कमी पडला' अशी बातमी येते. तो तुटवडा विलंबातून जन्मलेला असतो. विलंबाचे कारण म्हणून आपण त्याच्याकडे बोट दाखवतो.

याच रस्त्यावरची दुसरी गोष्ट अधिक क्लेशदायक आहे. कल्याण-तळोजे मेट्रो 12 राज्य मंत्रिमंडळाने 2019 मध्ये मंजूर केली. ती याच रस्त्यावरून जाणार, हे तेव्हाच ठरलेले होते. एक यंत्रणा रस्ता रुंद करीत होती, दुसरीच्या नकाशावर त्याच रस्त्यात खांब होते. 2024 मध्ये मेट्रोचे काम सुरू झाले आणि वाढवलेल्या मार्गिकांमधली जागा अडथळ्यांखाली गेली. दोन्ही कामांना पैसा होता. क्रम ठरवणारा एक माणूस नव्हता.

पूल पाहा. कल्याणचा जुना पत्रीपूल 18 नोव्हेंबर 2018 रोजी पाडला, नवा 25 जानेवारी 2021 रोजी खुला झाला. मधल्या काळात करोना आला, हे मान्य. पण रुळांवर गर्डर चढवायचा तर रेल्वेचा मेगाब्लॉक हवा, आणि मध्य रेल्वेच्या या मार्गावर ब्लॉकचे तास कोटी मोजून विकत मिळत नाहीत. डोंबिवलीचा कोपर पूलही सप्टेंबर 2019 पासून दोन वर्षे बंद होता. उल्हास खाडीवरचा माणकोली-मोठागाव पूल एमएमआरडीएने बांधला. 2024 मध्ये वाहने धावू लागली आणि ठाण्याची वाट जवळ आली. पण डोंबिवलीच्या बाजूला उतरले की दिवा-वसई मार्गाचे रेल्वे फाटक. खाडी ओलांडण्याची तजवीज आधी झाली, फाटक ओलांडण्याची मागे राहिली. खाडीला सातबारा नसतो, हे त्यातले मर्म.

आता व्यतिरेकाची बाजू, म्हणजे जिथे जागा आधी हाती आली. एमएसआरडीसीनेच समृद्धी महामार्ग बांधला: 701 किलोमीटर, दहा जिल्हे. सुरुवातीची लँड पूलिंगची कल्पना शेतकऱ्यांनी नाकारली. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यातही विरोध कडवा होता. मग सरकारने थेट खरेदी स्वीकारली, रेडीरेकनरच्या पाचपटीपर्यंत भाव दिला आणि बहुतांश जमीन हाती आल्यावरच बांधकामाला हात घातला. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, 5 जून 2025 रोजी इगतपुरी-आमणे हा शेवटचा. मोकळ्या माळावरचा नवा मार्ग आणि दुकाने-चाळींतून जाणारा जुना रस्ता यांची बरोबरी नाही, हे मला ठाऊक आहे. त्या मार्गावर अफाट खर्च झाला, हेही. पण संस्था तीच आणि कायदा तोच असताना बदलला तो क्रम. आणि क्रम सुटला की काय होते, हे त्याच मार्गाच्या टोकाला दिसले: आमण्याला समृद्धी संपली तेव्हा पुढच्या वडपे-माजिवडे टप्प्याचे रुंदीकरण अपुरे होते. नागपूरहून सुसाट आलेली गाडी ठाण्याच्या दारात रांगेत उभी राहिली.

राष्ट्रीय महामार्गांच्या कामांत 80 ते 90 टक्के जागा हाती असल्याखेरीज कामाचा नियत दिनांक, म्हणजे सुरुवातीची अधिकृत तारीख, धरू नये असा दंडक आहे. तो राज्याच्या रस्त्यांनाही लावावा, आणि मंजुरीच्या आदेशातच रेल्वे, मेट्रो, जलवाहिन्या यांचा क्रम व त्याला जबाबदार असलेला एक अधिकारी लिहावा. विरार-अलिबाग मार्गिका ठाणे जिल्ह्यातूनच, भिवंडी, कल्याण, अंबरनाथ तालुक्यांतून जायची आहे. तिच्यासाठी किती हजार कोटी उभे राहिले, हे फलक सांगतीलच. आपण लोकप्रतिनिधींना गावनिहाय विचारावे: किती गुंठे ताब्यात आले, किती खातेदारांना मोबदला पोचला, आणि जिथे रूळ आडवे येतात तिथला रेल्वेशी झालेला करार कोणत्या तारखेचा आहे?