मापाने शिवलेल्या मोटारी

अमेरिकन मोटार म्हटली की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभे राहते. लांबलचक, चकचकीत, आणि मागच्या बाजूला माशाच्या शेपटीसारखे दोन पंख उभारलेली! वास्तविक हे पंख अमेरिकन मोटारीला फार उशिरा फुटले आणि फार लवकर गळूनही पडले. १९४८ साली ते प्रथम कॅडिलॅकवर दिसले, १९५९ साली त्यांनी उंचीचा कळस गाठला, आणि १९६५ साली त्याच कॅडिलॅकवरून ते नाहीसे झाले. जेमतेम सतरा वर्षांचा हा थाट. मला सांगायचे आहे ते बिनपंखांच्या, एकेका मालकासाठी वेगळ्या घडवलेल्या मोटारींविषयी. पण ती हकीगत सांगताना पंख फुटले कसे हेही सांगावे लागते. आणि गंमत अशी की त्या दोहोंची नाळ एकच आहे.

आपल्याकडे मालमोटार घेणाऱ्याला कारखान्यातून नुसती चासी मिळते, आणि मग तो ती बॉडी बांधणाऱ्याकडे नेतो, हे आपण पाहिलेले आहे. १९२० ते १९४० या काळात अमेरिकेतल्या श्रीमंतांच्या मोटारींची रीत हीच होती. पॅकार्ड, लिंकन, कॅडिलॅक, ड्यूसेनबर्ग या कंपन्या इंजिन, चाके आणि सांगाडा देत. वरचा साज चढवणारे कारागीर निराळे. हे लोक मूळचे बग्गीवाले. ब्रूस्टर यांचे घराणे १८१० पासून घोड्याच्या गाड्या बांधत आले होते. मॅसॅच्युसेट्समधल्या मेरिमॅक या गावचे जडकिन्सही त्याच व्यवसायातले. घोडे गेले, इंजिन आले. पण रंधा, हातोडा आणि चामडे शिवण्याची सुई तीच राहिली.

काम कसे चाले ते पाहण्यासारखे आहे. गिऱ्हाइकाची पसंती ठरली की गाडीचे चित्र पूर्ण मापात, म्हणजे गाडीएवढेच मोठे, फळ्यावर काढीत. त्यावरून अ‍ॅश नावाच्या चिवट लाकडाचा सांगाडा तयार होई. त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे हाताने ठोकून बसवीत. मग रंगाचे हात, मधे घासणे, पुन्हा रंग. मालक उंच असेल तर छत उंच, शिकारीचा शौकीन असेल तर बंदुका ठेवायला कप्पा, सोफर ठेवणारा असेल तर मधे काचेची भिंत. शिंप्याकडे जाऊन अंगरखा बेतावा तसा हा प्रकार होता. दागिन्यांचा सोस त्यात कमी. सारी शोभा प्रमाणात. खिडकीची ओळ किती उंच, बॉनेट किती लांब, मडगार्डचा बाक कोठे संपवायचा, यात कारागिराचे कसब पणाला लागे.

यातलीच एक हकीगत मोठी मौजेची आहे. थॉमस हिबार्ड आणि रेमंड डिट्रिक हे दोन तरुण ब्रूस्टरकडे नकाशे काढण्याच्या कामावर होते. १९२० साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्वतःचा धंदा काढला. कारखाना नाही, हत्यारे नाहीत. भांडवल म्हणजे पेन्सिल आणि नजर. नाव मात्र भारदस्त फ्रेंच वाटावे असे: लबॅरन. गिऱ्हाइकाला चित्र विकायचे आणि बांधणी दुसऱ्याकडून करवून घ्यायची. मोटारीचे रूप ही यंत्रापासून वेगळी, विकत घेण्याजोगी वस्तू आहे, हे या दोघांनी अमेरिकेला दाखवून दिले. पुढे लिंकन कंपनीचे एडसेल फोर्ड अशा कलावंतांचे मोठे आश्रयदाते झाले. वडिलांनी एकाच साच्यातल्या लाखो गाड्या काढल्या. मुलाने जडकिन्स, ब्रुन, विलोबी यांच्याकडून एकेक गाडी सजवून घेतली.

या साऱ्या वैभवाचा मुकुटमणी म्हणजे ड्यूसेनबर्गची 'जे' ही मोटार. डिसेंबर १९२८ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती प्रथम मांडली गेली. आठ सिलिंडरांचे इंजिन, कंपनीच्या सांगण्याप्रमाणे २६५ अश्वशक्तीचे. नुसत्या चासीची किंमत ८,५०० डॉलर. फोर्डची साधी गाडी तेव्हा ५०० डॉलरांच्या आसपास मिळे. वरच्या बॉडीचे पैसे निराळे. अशा सुमारे ४८० मोटारी झाल्या. त्यांतल्या एका चासीशी आपले मराठी नाते आहे. इंदूरचे यशवंतराव होळकर, ज्यांचे घराणे नीरेकाठच्या होळ गावचे, त्यांनी ड्यूसेनबर्गची लांब चासी घेतली आणि लंडनच्या गर्नी नटिंगकडून तिच्यावर बॉडी बांधवली. एवढ्या लांब गाडीत बसायची जागा जेमतेम दोघांची! रंग नारिंगी आणि काळा. याच यशवंतरावांनी जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस याच्याकडून इंदूरचा माणिकबाग राजवाडा सजवून घेतला होता. दोन्हींत रुची एकच दिसते: रेषा सरळ, नक्षी नाही.

पण हा बहर टिकला नाही. १९२९ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. ज्यांच्याकडे पैसे उरले त्यांनाही बेकारांच्या रांगेवरून झगमगती गाडी नेण्याची लाज वाटू लागली. ड्यूसेनबर्गच्या सर्वाधिक चासींवर साज चढवणारी पॅसाडीनाची मर्फी कंपनी १९३२ साली बंद पडली. खुद्द ड्यूसेनबर्ग १९३७ साली. तरी मंदी हे निमित्त. खरा घाव घातला तो पोलादी प्रेसने. १९३५ च्या सुमारास जनरल मोटर्सने गाडीचे सबंध छत एकाच पत्र्यातून दाबून काढायला सुरुवात केली. त्या साच्यांचा खर्च इतका अफाट, की एकाच नमुन्याच्या हजारो गाड्या खपल्या तरच तो भरून निघावा. एका माणसासाठी एक गाडी बांधणाऱ्याला तिथे थारा कुठला?

आता पंखांकडे येतो. ते ज्याच्या हाताखाली निपजले तो हार्ली अर्ल याच कारागिरांतला. लॉस एंजेलिसमध्ये त्याच्या वडिलांचा बग्ग्यांचा कारखाना होता. तिथे त्याने सिनेनटांसाठी हौशीच्या गाड्या घडवल्या. १९२७ साली जनरल मोटर्सने त्याला डेट्रॉइटला आणले. युद्धकाळात लॉकहीडचे दोन शेपट्यांचे पी-३८ विमान त्याच्या मनात भरले, आणि १९४८ च्या कॅडिलॅकला पंख फुटले. दरवर्षी रूप बदलायचे ही चालही त्याच्याच अमलात रुजली. पूर्वी शेजाऱ्याची गाडी आपल्यासारखी नसे. आता आपलीच गेल्या वर्षीची गाडी यंदाच्यासारखी दिसेना. माणसामाणसांतला वेगळेपणा गेला आणि वर्षावर्षांतला आला. मला त्या पंखांत कारागिराच्या विद्येचे घाऊक रूप दिसते.

तरी जुनी रुची अगदीच मेली नव्हती. फिलाडेल्फियाजवळच्या डरहॅम या बग्गीवाल्या घराण्याने कारखान्याच्या तयार गाड्यांना काचेची भिंत घालणे, छत चामड्याने मढवणे असली कामे करीत धंदा जिवंत ठेवला. १९५६ साली, पंखांच्या ऐन भरात, फोर्डने कॉन्टिनेंटल मार्क टू काढली. पंख नाहीत, किंमत सुमारे दहा हजार डॉलर. दोन वर्षांत तीन हजारांच्या आसपास गाड्या निघाल्या आणि कंपनीला तोटाच झाला. १९६१ ची लिंकनही बिनपंखांचीच. सिनसिनाटीच्या हेस आणि आयझेनहार्ट यांनी तशी एक गाडी कापून साडेतीन फूट लांब केली, ती राष्ट्राध्यक्ष केनेडींसाठी. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डलासमध्ये ते बसले होते ती हीच. चिलखत आणि पक्के छत चढवून ती १९७७ पर्यंत वापरात राहिली.

ही सारी शोभा मूठभरांसाठी होती, हे विसरून चालणार नाही. पोलादी प्रेसने साध्या नोकरदाराच्या दारी भक्कम गाडी आणली. ते पुण्य लहान नाही. पण त्याबरोबर जे गेले त्याची किंमत लोकांना उशिरा कळली. २०१८ साली नट गॅरी कूपरची ड्यूसेनबर्ग लिलावात दोन कोटी वीस लक्ष डॉलरांना गेली. मालकाचे नाव घेऊन ती विकली गेली. या गाड्यांवर पुष्कळदा बांधणाऱ्या कंपनीच्या नावाची छोटीशी धातूची पट्टी असते. तो पत्रा ज्यांनी ठोकला, ते लाकूड ज्यांनी तासले, त्यांची नावे मात्र त्या पट्टीवरही नाहीत.