ओवी घरात राहिली म्हणून

मुरूमच्या बाजारात मराठीबरोबर कानडीही कानी पडते. मराठवाड्याच्या या टोकाला मुलाची व्यवहाराची भाषा शाळा आणि बाजार ठरवितात. प्रार्थनेची भाषा मात्र घर ठरविते. जेथे चर्च दूर आहे आणि धर्मगुरूची फेरी उशिराने होते, तेथे तर श्रद्धासंवर्धनाचा सारा भार घरावरच येतो. अशा कुटुंबांना भेटून परतताना आम्हांला चारशे वर्षांपूर्वीचा एक प्रसंग वारंवार आठवतो.

इंग्लंडात जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले आणि तेथील साष्टी प्रांतात त्यांनी आयुष्य वेचले. त्या काळची धर्मांतरे राजसत्तेच्या दडपणापासून मुक्त नव्हती, जुनी देवळे पाडली गेली होती, हे आपण प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. लोकांचे जुने आधार तुटले होते आणि नव्या श्रद्धेने अद्याप मूळ धरले नव्हते. ख्रिस्तपुराणाच्या आरंभी फादर स्टीफन्स सांगतात की, एका रविवारी मुलांना धर्मशिक्षण दिले जात असता एका ब्राह्मण गृहस्थाने त्यांच्यापुढे आपली अडचण मांडली. शिकविले जाते ते उत्तमच आहे. परंतु जुनी पुराणे सोडल्यावर त्यांच्या जागी आपल्या भाषेत वाचावे असे आमच्यापाशी काय आहे, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता.

फादर स्टीफन्सनी हे गाऱ्हाणे मनावर घेतले. पैठणच्या एकनाथांनी ज्या ओवीत भागवत सांगितले आणि आमच्या आयाबायांनी जी जात्यावर गाइली, त्याच ओवीत त्यांनी तारणाचा इतिहास रचला. दहा हजारांहून अधिक ओव्यांचे हे पुराण १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १६१९ साली फादर निवर्तले. मुलांसाठी त्यांनी कोकणीत लिहिलेली प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाची पोथी त्यांच्या मागे, १६२२ साली प्रसिद्ध झाली.

पुढील इतिहास अधिक बोधप्रद आहे. पुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ आणि १६५४ साली निघाल्या. नंतर १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांत आपली बोली सोडून पोर्तुगीज भाषा अंगीकारावी. काळाच्या ओघात त्या तिन्ही छापील आवृत्त्या नाहीशा झाल्या. त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. तरीही पुराण वाचले, कारण श्रद्धावंतांनी ते हाताने उतरवून घेतले होते. गोव्यातून कानडी मुलखात गेलेल्या कुटुंबांनी ते जपले, पिढ्यान्‌पिढ्या वाचले. अशा हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ते पुन्हा छापले. छापखान्याला जे राखता आले नाही, ते घराने राखले.

आज आमच्यापाशी मराठी बायबल आहे, धर्मशिक्षणाची पुस्तके आहेत, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. तरीही प्रथम कम्युनियन झाल्यावर मुले दुरावतात आणि पालक म्हणतात, “फादर, तुम्हीच त्याला सांगा.” यात दोष एकट्या पालकांचा नाही. उत्तरे तोंडपाठ झाली की श्रद्धा पोहोचली, असे आम्ही धर्मगुरूंनीही अनेक वर्षे मानले. संत पौल मात्र तीमथ्याच्या श्रद्धेचे मूळ त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांच्यापाशी शोधतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६४ साली कुटुंबाला घरातील ख्रिस्तसभा म्हटले आणि आईवडिलांना मुलांचे पहिले सुवार्तिक मानले.

म्हणून आमची विनंती साधी आहे. रात्री जेवणे झाल्यावर दहा मिनिटे दूरदर्शन आणि मोबाइल बंद ठेवावेत. आजीने, आईने किंवा वडिलांनी येशूच्या जीवनातील एक प्रसंग आपल्या घरच्या बोलीत सांगावा. मूल प्रश्न विचारील. त्याला गप्प करू नये. उत्तर ठाऊक नसेल तर प्रश्न वहीत टिपून ठेवावा. आमची फेरी होईल तेव्हा ती वही आमच्यापुढे ठेवावी. आपण मिळून उत्तर शोधू. साष्टीतल्या त्या गृहस्थाने आपली अडचण बोलून दाखविली, म्हणूनच मराठी ख्रिस्ती घरांना पुराण लाभले.