कवितेचे घटक

कवितेचे घटक म्हणजे ज्यांच्या परस्परसंबंधातून कविता सिद्ध होते ती अंगे होत. आशय, शब्द, अलंकार व प्रतिमा, लय, छंद, यमक आणि रचनाबंध यांचा त्यांत समावेश होतो. अभ्यासाच्या सोयीसाठी ही अंगे वेगळी काढली जातात. प्रत्यक्ष कवितेत ती एकजीव असतात. यांपैकी अपरिहार्य कोणते, विशेषतः वृत्तावाचून कविता संभवते काय, हा विसाव्या शतकातील मराठी काव्यचर्चेतील महत्त्वाचा वाद होता.

आशय आणि शब्द

विषय आणि आशय एक नव्हेत. पाऊस हा विषय होय. पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याची व्याकुळता हा आशय होय. संस्कृत काव्यशास्त्राने शब्दाच्या तीन शक्ती मानल्या आहेत. अभिधेने शब्दाचा रूढ अर्थ कळतो. 'सारे गाव जागे झाले' येथे गाव म्हणजे गावातील माणसे, ही लक्षणा. अंगणात खेळणाऱ्या मुलाला आई 'दिवेलागण झाली' असे म्हणते, तेव्हा 'आता घरी ये' हा अर्थ व्यंजनेने सूचित होतो. नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त या सूचित अर्थालाच काव्याचा आत्मा मानले. त्याने दिलेल्या उदाहरणांत महाराष्ट्री प्राकृतातील गाथाही आहेत. अशा गाथांचा प्रसिद्ध संग्रह 'गाथासप्तशती' हा सातवाहन राजा हाल याच्या नावावर आहे. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजे आजचे पैठण होय.

अलंकार आणि प्रतिमा

अनुप्रास, यमक व श्लेष हे शब्दालंकार, तर उपमा, रूपक व उत्प्रेक्षा हे अर्थालंकार होत. शब्द बदलताच शब्दालंकार नाहीसा होतो. अर्थालंकार समानार्थी शब्दांतही टिकतो. प्रतिमा इंद्रियांना जाणवणारा अनुभव उभा करते. पळसखेडे येथील कवी ना. धों. महानोर यांच्या 'रानातल्या कविता' (1967) या संग्रहात शेत आणि रान यांच्या प्रतिमा हाच कवितेचा गाभा आहे.

लय, छंद आणि वृत्त

ऱ्हस्व स्वराचे अक्षर लघु (एक मात्रा) आणि दीर्घ स्वराचे किंवा अनुस्वारयुक्त अक्षर गुरु (दोन मात्रा) मानतात. जोडाक्षरापूर्वीच्या अक्षरावर आघात येत असल्यास तेही गुरु होते : 'पुस्तक' मधील 'पु' गुरु, परंतु 'तुझ्या' मधील 'तु' लघु. तीन अक्षरांचा एक गण होतो व असे आठ गण आहेत. 'पैठण' हा भगण, 'वेरूळ' आणि 'वाळूज' हे तगण, 'नेवासा' हा मगण, तर 'अजिंठा' हा यगण होय. 'अजिंठा' हा शब्द सलग चार वेळा उच्चारल्यास भुजंगप्रयात वृत्तातील एका चरणाची चाल कानांना कळते. समर्थ रामदासांचे 'मनाचे श्लोक' याच वृत्तात आहेत. मात्रावृत्तात अक्षरांऐवजी मात्रांची संख्या, तर ओवी-अभंगासारख्या छंदांत अक्षरांची संख्या व उच्चाराची लय महत्त्वाची असते.

यमक आणि रचनाबंध

'ज्ञानेश्वरी'ची (1290) ओवी साडेतीन चरणांची आहे : पहिल्या तीन चरणांत यमक असते, चौथा आखूड व यमकरहित असतो. मोठ्या अभंगात सहा अक्षरांचे तीन आणि चार अक्षरांचा एक चरण असून दुसऱ्या व तिसऱ्या चरणांत यमक जुळते. गझलेत यमकाला काफिया आणि त्यापुढे जसेच्या तसे येणाऱ्या शब्दांना रदीफ म्हणतात.

मुक्तछंदाचा वाद

कवी अनिल (आ. रा. देशपांडे) यांनी मुक्तछंदाचा पुरस्कार केला, तेव्हा वृत्त सोडल्यास कविता गद्य होते, असा आक्षेप घेण्यात आला. मुक्तछंदात वृत्ताचे बंधन नसले तरी लय असते. ती ओळींची लांबी, विराम आणि शब्दांची आवृत्ती यांतून निर्माण होते, हे त्याचे उत्तर होय. उलटपक्षी, केवळ मात्रा जुळल्याने पद्य होते, कविता होतेच असे नाही. बा. सी. मर्ढेकर यांनी 'काही कविता' (1947) मध्ये संतांच्या अभंग-ओवीच्या वळणातून आधुनिक यंत्रयुगातील जीवन मांडले. जुना छंद आणि नवा आशय एकत्र आल्याने दोहोंचा अर्थ बदलतो. म्हणूनच कवितेच्या आकलनात घटक ओळखणे ही पहिली पायरी असून त्यांचे परस्परांशी असलेले नाते जाणणे ही पुढची पायरी ठरते.