दहा टक्क्यांमागचे तळे

एका पोषण पातळीकडून पुढच्या पातळीकडे फक्त दहा टक्के ऊर्जा जाते, असे आपण वर्गात शिकवतो. फळ्यावर पिरॅमिड काढून १०००, १००, १० असे आकडेही मांडतो. अनेक पुस्तकांत या नियमाला रेमंड लिंडमन यांचे नाव दिलेले असते. लिंडमन यांना प्रत्यक्षात काय आढळले होते?

१९२७ मध्ये चार्ल्स एल्टन यांनी दाखवले, की अन्नसाखळीत वर जावे तशी प्राण्यांची संख्या घटते. पण नुसती संख्या मोजून शैवाल आणि मासा यांची तुलना कशी करायची? लिंडमन यांनी सर्वांना एकच माप लावले : कॅलरी.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात सीडर बॉग लेक नावाचे एक लहान, उथळ, गाळाने भरत चाललेले तळे आहे. तेथील वनस्पती, प्लवक, कीटक, मासे यांचा लिंडमन यांनी पाच वर्षे अभ्यास केला. पत्नी एलेनॉर यांची त्यांना साथ होती. त्यांचा हिशेब असा : दर चौरस सेंटिमीटरवर वर्षाला १,१८,८७२ कॅलरी सौरऊर्जा पडते. त्यातली वनस्पती बांधून ठेवतात १११.३ कॅलरी, म्हणजे हजारातला जेमतेम एक भाग. शाकाहारी जीवांकडे जातात १४.८, आणि त्यांना खाणाऱ्यांकडे ३.१. उरलेली ऊर्जा श्वसनात उष्णता होऊन निघून जाते किंवा न खाल्लेल्या, न पचलेल्या अन्नाबरोबर गाळात जाते. कार्बन, नायट्रोजन फिरून परत येतात. उष्णता होऊन गेलेली ऊर्जा परत येत नाही.

१९४१ मध्ये डॉक्टरेट मिळवून लिंडमन येल विद्यापीठात हचिन्सन यांच्याकडे गेले. त्यांचा निबंध 'इकॉलॉजी' या नियतकालिकाच्या दोन्ही परीक्षकांनी नाकारला. दोघेही सरोवरांचे जाणकार. इतक्या थोड्या मोजमापांवर इतका व्यापक सिद्धांत उभारू नये, असा त्यांचा आक्षेप होता. हचिन्सन यांनी निबंधाची बाजू मांडली आणि संपादक थॉमस पार्क यांनी अखेर तो स्वीकारला. ऑक्टोबर १९४२ मध्ये तो छापून आला. लिंडमन मात्र जूनमध्येच, वयाच्या अवघ्या २७व्या वर्षी, यकृताच्या आजाराने वारले होते.

आता वरचे आकडे पुन्हा पाहू. १११.३ पैकी १४.८ म्हणजे सुमारे १३ टक्के, १४.८ पैकी ३.१ म्हणजे २० टक्क्यांहून अधिक. दहा टक्के कुठेच नाहीत! नंतरच्या मोजमापांतही हे प्रमाण परिसंस्थेनुसार बरेच कमीजास्त आढळले. दहा ही ढोबळ सरासरी आहे, निसर्गाचा स्थिरांक नव्हे. प्रत्येक पायरीवर बरीच ऊर्जा गळते आणि म्हणून अन्नसाखळ्या आखूड राहतात, हे खरे सूत्र. दहाचा आकडा सांगण्याआधी या तळ्याचे चार आकडे फळ्यावर लिहावेत आणि टक्केवारी मुलांनाच काढू द्यावी.